लाडबाई इंडस्ट्रीजचा भोंगा

सोमेश्वरला नोकरी नव्हती, म्हणून त्याचं लग्न होत नव्हतं. त्याला नोकरीची गरज नव्हती, ही गोष्ट मात्र कुणी ऐकूनच घेत नव्हतं. वाटूरच्या शिवारात रस्त्याला लागून मोसंबीची बाग, विहिरीला बारमाही पाणी, शेततळं, ठिबक, दारात ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर ट्रॅक्टरपेक्षा मोठे स्पीकर, एवढं सगळं बघून, चहा पिऊन, सुपारी तोंडात टाकून मुलीवाले एकच विचारायचे.

"बाकी ठीक हाये. पण पोरगं करतं काय?"

"शेती," सोमेश्वरचे वडील रामकिसनराव सांगायचे.

"ते दिसून राह्यलंय हो. पण करतं काय?"

यावर रामकिसनराव आतल्या दाराकडे बघायचे. सोमेश्वरची आई तुळजाबाई आतून पुन्हा चहा पाठवायची, आणि पाहुणे तो पिऊन निघून जायचे. अशा चहांवर गल्लीतल्या किराणा दुकानदाराचं घर बांधून झालं, पण सोमेश्वरचं काही जमलं नाही. त्यानेही मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं. पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ आलं तेव्हा तो इतका निर्विकार होता, की मुलगी बघायला जाताना त्याने गाडीत फवारणीचं औषधही घेऊन ठेवलं. येताना वेळ मिळाला तर मारता यावं म्हणून.

मुलीचं नाव तृप्ती. ती नववी-दहावीच्या पोरांचे इतिहासाचे क्लास घ्यायची. पोहे झाले. तिला स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, हे विचारून झालं. मग रीत म्हणून तिला विचारलं, तुला काही विचारायचंय का? मुलींनी यावर मान हलवायची असते. तृप्तीने मान हलवली नाही.

"मोसंबीचं कलम कशावर बांधता?" तिने विचारलं.

"जंबेरी लिंबाच्या खुंटावर," सोमेश्वर म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं, की लग्नाच्या बाजारात उतरल्यापासून आपल्याला उत्तर येतं असा प्रश्न आज पहिल्यांदा आला. त्याने त्याच क्षणी ठरवलं, करायचं तर इथंच. औषध गाडीतच राहिलं.

अडचण तृप्तीचे वडील तातेराव यांची होती. घर बघणं ही मुलीवाल्यांची जुनी रीत. ते आले, त्यांनी बाग बघितली, विहिरीत डोकावून बघितलं, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ओसरीत बसून म्हणाले, "रामकिसनराव, सगळं झ्याक हाये. आता कंपनी दाखवा."

"कंपनी?"

"पोरगं ज्या कंपनीत हाये ती. न्हाई म्हणजे आमची काही अट न्हाई. कंपनी कोणती बी चालंल. फक्त तिला गेट पाहिजे, भोंगा पाहिजे, अन् पोराला सुट्टी मागावी लागली पाहिजे."

तातेराव वाईट माणूस नव्हते. तरुणपणी ते कामासाठी शहरात गेले होते. एका कंपनीच्या गेटबाहेर सकाळपासून उभे राहिले. वॉचमनने आत सोडलं नाही. संध्याकाळी भोंगा वाजला, गेट उघडलं आणि आतून गळ्यात कार्ड घातलेली माणसं हसत-खिदळत बाहेर आली. तातेराव गावी परतले, त्यांनी मिरची लावली, मिरचीवर दोन मजली घर बांधलं, मनगटाला सोनेरी घड्याळ बांधलं. पण मनातून ते अजून त्या गेटबाहेरच उभे होते. निदान जावई तरी आत असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

"आता लागायचंच हाये त्याचं," रामकिसनराव म्हणाले. आयुष्यातलं हे त्यांचं पहिलं खोटं, त्यामुळे ते जरा मोठ्याने बोललं गेलं. शेजाऱ्यांनीही ऐकलं.

"मंग लागला की सांगा," तातेराव म्हणाले. "आम्ही दिवाळीपर्यंत दम धरतो. दुसरं बी एक स्थळ चालू हाये."

सोमेश्वर दुसऱ्या दिवशी अर्पितकडे गेला. अर्पित त्याचा शाळेतला दोस्त. त्याचे पूर्वज कधीकाळी राजस्थानातून आले आणि वाटूरला कापसात पैसा दिसला म्हणून थांबले. फाट्यावर त्यांचं जिनिंग होतं. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, असा धंदा. अर्पितचे आजोबा गोपीकिशनशेठ यांनी ते कैक वर्षांपूर्वी बंद करून बियाण्याचं दुकान टाकलं होतं. अर्पितने पुण्याला जाऊन मॅनेजमेंटचं शिक्षण घेतलं होतं आणि परत आल्यापासून त्याला मॅनेज करायला माणसं मिळत नव्हती. तो दिवसभर दुकानात बसून भेंडीच्या पाकिटांची उतरंड लावायचा आणि मोडायचा.

"अर्पितशेठ, मला नोकरी दे."

"कशाची?"

"कशाची बी. गेट पाहिजे अन् भोंगा पाहिजे."

"फाट्यावरच्या जिनिंगला दोन्ही आहे," अर्पित म्हणाला. "पण आत काही चालू न्हाई रे."

"आत कोण बघून राह्यलंय?"

अर्पितने भेंडीचं पाकीट खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांत, बऱ्याच दिवसांनी, मॅनेजमेंट दिसलं.

आठवड्याभरात फाट्यावर बोर्ड लागला. 'लाडबाई इंडस्ट्रीज'. लाडबाई म्हणजे अर्पितची आजी. त्यामुळे गोपीकिशनशेठना 'हे काय नवीन' असं विचारता आलं नाही. सोमेश्वरला निळ्या नाडीचं आयकार्ड मिळालं. त्यावरच्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते, पण तो फोटोचा दोष, कार्डाचा नव्हे. भोंग्यात चिमणीचं घरटं निघालं, ते शेजारच्या लिंबावर हलवलं. ऑफिसच्या भिंतीवरचं भोंग्याचं लाल बटण पुसून चकाचक केलं.

गेटवर पुंजाराम. सोमेश्वरचा लंगोटीयार, आयुष्यात एकदाही कुठे वेळेवर न पोचलेला. त्याला टोपी, शिट्टी, काठी आणि दोन नियम देण्यात आले. ज्याच्याकडे कार्ड असंल त्यालाच आत सोडायचं, आणि भोंगा वाजल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही. पुंजारामला आजवर कुणी कसलाच नियम विश्वासाने दिला नव्हता. तो हेलावला. दुसऱ्या दिवशी तो पहाटेच गेटवर हजर होता आणि त्याने कार्ड घरी विसरलेल्या अर्पितला परत पाठवलं.

"अरे, मी मालक आहे!"

"असशीन. कार्ड?"

नोकरी लागल्याचं पिंपळगावला कळवल्यावर तातेरावांनी मुलीला फोनवर बोलायची परवानगी दिली. तृप्तीने पहिल्याच फोनवर विचारलं, "तुमची कंपनी बनवते काय?"

सोमेश्वरने याचा विचार केला नव्हता. "पार्ट," तो म्हणाला.

"कशाचे?"

"मोठ्या मशीनचे."

"आणि ते मोठं मशीन काय बनवतं?"

सोमेश्वरने थोडा विचार केला. "ते बी पार्टच बनवतं."

पलीकडे ती हसली. तिच्या हसण्याशी खोटं बोलणं जिवावर आलं म्हणून असेल, पण सोमेश्वरने सगळं सांगून टाकलं. जिनिंग, बोर्ड, चिमणी, पुंजाराम. सांगून झाल्यावर त्याने फोन कानापासून काढून बघितला. रेंज गेली की स्थळ गेलं, हे त्याला कळेना.

"म्हणजे तुम्ही माझ्यासाठी औद्योगिक क्रांती करून राह्यलात," तृप्ती म्हणाली.

"काय करून राह्यलो?"

"नववीला शिकवते मी. इंग्लंडात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पोट भरेना, म्हणून ते नाइलाजानं कारखान्यात गेले. भरल्या पोटानं अन् आपल्या पायानं चालत गेलेला तुम्ही पहिले."

"मंग आता तुमच्या पप्पांना सांगणार का?"

"नाही. ते दुसरं स्थळ आहे ना, त्याची कंपनी खरी आहे. पण तो पत्र्याच्या खोलीत चौघांसोबत राहतो. पप्पा म्हणतात खोलीचं काय, गेट बघ केवढं आहे." ती थांबली. "मला मोसंबीच्या बागेत राहायला आवडेल. पण एक सांगते, जपून करा. एकदा सुरू झालं की ते आपल्या हातात राहत नाही. धड्यातच आहे."

सोमेश्वरला तो धडा आठवत नव्हता. त्या तासाला तो आणि पुंजाराम बोरं खायला गेलेले असायचे.

सोमेश्वरच्या गळ्यातलं कार्ड गावाने बघितलं. गावात लग्नाची पोरं भरपूर होती. आधी वसंता आला, मग वसंताचे दोन चुलतभाऊ आले, मग पारावर बसणारा अख्खा पारच आला. पगार नाही, असं अर्पितने स्पष्ट सांगितलं. पोरं म्हणाली, पगार कोण मागतंय, कार्ड द्या. सगळ्यांच्या बापांच्या जमिनी होत्या. सकाळी भोंगा वाजला की ही पोरं जेवणाचे डबे घेऊन, एकमेकांच्या गाड्यांवर बसून, आपापल्या शेतांवरून कंपनीत जायची, संध्याकाळी पाचचा भोंगा झाला की थकून परत यायची आणि गावातल्या आया त्यांना पाय धुवायला गरम पाणी द्यायच्या.

आत बसून ती पत्ते खेळत होती. अर्पितला हे पटेना. "कंपनीत रिकामं बसलेलं चालणार न्हाई," म्हणून त्याने जुनी यंत्रं वंगण घालून नुसतीच चालू केली. पट्टे फिरू लागले, शेड हादरू लागलं, आवाजाने पत्ते खेळणं अशक्य झालं. आता कंपनी कंपनीसारखी वाटायला लागली. रस्त्याने जाणारी माणसं गाडी हळू करून कौतुकाने ऐकायची.

"यंत्र आलं," सोमेश्वरने फोनवर सांगितलं.

"आता घड्याळ येईल," तृप्ती म्हणाली.

चार दिवसांत अंगठा लावायचं मशीन आलं.

"आता दंड."

उशिरा येणाऱ्याचं कार्ड त्या दिवसापुरतं जप्त व्हायला लागलं. बिनकार्डाचं गावातून जायला पोरांना लाज वाटायची. वसंता एकदा अंधार पडेपर्यंत कापसाच्या जुन्या पोत्यांमागे लपून बसला.

"तुम्हाला हे कसं कळून राह्यलंय?" सोमेश्वरने विचारलं.

"पुस्तकात याच क्रमानं आहे. आता युनियन होईल, मग संप."

"संप? आमचं तर कुणाचं काही मागणंच न्हाई."

"ते सापडतं," तृप्ती म्हणाली.

ते चहात सापडलं. अर्पित ऑफिसात बसून चहा प्यायचा, पोरांना मिळायचा नाही. पोरांच्या घरी म्हशी होत्या, दूध उतू जात होतं, पण कंपनीचा चहा वेगळा. तो हक्काचा. वसंता अध्यक्ष झाला. सोमेश्वरला खजिनदार केलं, कारण खजिना नव्हता. आणि एका सकाळी गेटबाहेर घोषणा सुरू झाल्या.

इकडे खरी पंचाईत रामकिसनरावांची होती. मोसंबी तोडणीला आली होती आणि तोडायला माणूस मिळेना. सगळे कंपनीत. कंपनीत काम नव्हतं आणि कामावर माणूस नव्हता.

"आज तर संप हाये ना?" ते आशेने म्हणाले. "मंग ये की बागेत."

"बाबा, संपावर हजर राहावं लागतं," सोमेश्वर म्हणाला.

आणि नेमके त्याच दिवशी तातेराव न सांगता कंपनी बघायला आले. तृप्तीने गाडी निघाल्यावर फोन केला, पण घोषणांच्या गोंगाटात सोमेश्वरला रिंग ऐकू आली नाही. गाडीतून तातेराव उतरताना दिसले तेव्हा त्याचा हात 'चहा आमच्या हक्काचा' म्हणत वर गेलेला होता. तो तसाच वर राहिला. खाली घ्यावा तर पोरं गद्दार म्हणतील, वर ठेवावा तर सासरा बघतोय. झालं, संपलं, त्याला वाटलं. संप चालू असलेल्या कंपनीत मुलगी कोण देतं?

तातेराव गेटपर्यंत आले. त्यांनी बोर्ड वाचला. भोंग्याकडे बघितलं. घोषणा ऐकल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"संप हाये का?"

"हो मामा, पण ते..." सोमेश्वर चाचरला.

"म्हणजे परमनंट हाये तुम्ही! टेंपररी माणसाची संप करायची हिंमत हाये का?" त्यांनी पुंजारामकडे वळून विचारलं, "आत जाऊन बघू का जरा?"

"कार्ड?" पुंजाराम म्हणाला.

"कार्ड न्हाई, पण मी या पोराचा..."

"कार्ड न्हाई तर आत न्हाई."

सोमेश्वरने डोळे मिटले. उघडले तेव्हा तातेरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बराबर," ते पुंजारामला म्हणाले. "बिलकुल बराबर. अशीच पाहिजे कंपनी." मग खिडकीत उभ्या अर्पितला त्यांनी हाक मारली, "मालक, यांना चहा जल्दी देऊ नका बरं. जल्दी देणारी कंपनी टिकत न्हाई."

चहाचं बघू, एवढ्या आश्वासनावर संप मिटला आणि त्याच संध्याकाळी सुपारी फुटली. दिवाळीनंतर साखरपुडा ठरला. तो मुलीकडे व्हायला हवा होता, पण तातेरावांनीच सांगितलं, फाट्यावरचं मंगल कार्यालय घ्या, कंपनीच्या बराबर समोरचं. आमच्या पाव्हण्यांना गेट दिसलं पाहिजे.

इथपर्यंत सगळं सोमेश्वरच्या मनासारखं झालं होतं. मग गोपीकिशनशेठ आले.

ते एवढे दिवस दुकानात बसून आवाज ऐकत होते. ते काठी टेकत शेडमध्ये शिरले (कार्ड घेऊन, पुंजारामने दोन्ही बाजूंनी तपासलं). त्यांनी फिरणारे पट्टे बघितले, अंगठ्याचं मशीन बघितलं, कार्डवाली, डबेवाली, शिस्तीत उभी असलेली पोरं बघितली. बराच वेळ बघून त्यांनी नातवाला विचारलं, "भाया, हे मशीन रिकामं काऊन फिरवतो? कापूस टाक की याच्यात."

अर्पितला हे सुचलंच नव्हतं. सगळं जुळवून आणण्याच्या नादात ते राहून गेलं होतं.

कापसाचा सीझन तोंडावर होता. आठ दिवसांत फाट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. आणि लाडबाई इंडस्ट्रीज ही खरोखरची कंपनी झाली. पोरांना पगार सुरू झाला. चहाही सुरू झाला, पण तो प्यायला वेळ मिळेना. शेडमध्ये रुई उडायची, नाकात जायची, भुवयांवर बसायची. यंत्राच्या तोंडाशी कापूस लोटताना सोमेश्वरचे खांदे भरून यायचे. शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नव्हतं, आणि त्यालाही काही बोलायचं नव्हतं. बागेत तो दुपारी मोसंबीखाली बाज टाकून झोपायचा, हे त्याला आता कुणा दुसऱ्याच माणसाचं आयुष्य वाटायचं.

"हे यंत्र आहे ना," तृप्ती फोनवर म्हणाली, "कापसातून सरकी काढायचं, हे धड्यात आहे. लोकांना वाटलं होतं, यामुळे मजुरांचं काम कमी होईल."

"झालं का?"

"नाही. कापूस वाढला, अन् कामही वाढलं."

"मंग धड्याच्या शेवटी काय होतं?"

"शेवटी कामगारांना सुट्टी मिळते."

"कव्हा?"

"शंभरेक वर्षांनी."

सोमेश्वरने बोटांवर दिवस मोजले. साखरपुडा पुढच्या गुरुवारी होता.

तो ऑफिसात गेला. खुर्चीत गोपीकिशनशेठ डुलक्या घेत होते. शेजारी अर्पित उभा होता. खुर्ची एकच होती.

"अर्पितशेठ, गुरुवारची सुट्टी पाहिजे. साखरपुडा हाये."

अर्पितने खाली बघितलं. "सोम्या, सीझनमध्ये सुट्टी न्हाई. दादाजींचा नियम."

"अरे, ही कंपनीच माझ्या साखरपुड्यासाठी काढली ना आपण!"

"ते मला मालूम आहे. पण तुला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागंल. कार्ड बघून सगळ्यांचंच जमलंय. वसंताचा साखरपुडा बी याच आठवड्यात आहे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मलाच सुट्टी न्हाई रे. पुंजाराम सोडत न्हाई."

"अन् मी तसाच गेलो तर?"

"मंग नोकरी गेली," गोपीकिशनशेठ डोळे न उघडता म्हणाले.

सोमेश्वर घरी येऊन ओसरीत बसला. साखरपुड्याला गेलो तर नोकरी जाते. नोकरी गेली तर तातेराव साखरपुडा मोडतात. नाही गेलो तर साखरपुडा कुणाचा करायचा? त्याने हे उलटसुलट करून बघितलं, दोन्ही बाजूंनी गेट बंदच होतं. त्याने भीत भीत तातेरावांना फोन लावला. सुट्टी मिळत नाही म्हटल्यावर पलीकडून रागाचा आवाज येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो गहिवरलेला आवाज.

"सख्ख्या साखरपुड्याला सुट्टी देत न्हाईत? वा! काय कंपनी हाये! जावईबापू, तुम्ही बिलकुल येऊ नका. आम्ही बघतो."

"पण मंग अंगठी कुणाला घालायची?" रामकिसनराव डोक्याला हात लावून म्हणाले.

मार्ग तुळजाबाईने काढला. "जुन्या काळी नवरदेव लढाईवर असला तर त्याची तलवार पाठवायचे," ती म्हणाली. "तिच्यासंगं लग्नं लागायची."

"आपल्याकडं तलवार कुठं हाये?"

"आयकार्ड हाये की."

कार्डाशिवाय आत थांबता येत नव्हतं, म्हणून अर्पितने सोमेश्वरला एक डुप्लिकेट काढून दिलं. तेवढी मैत्री त्याने निभावली.

गुरुवारी मंगल कार्यालय भरलं. पाहुण्यांना बसायच्या खुर्च्या अशा मांडल्या होत्या की तोंड स्टेजकडे आणि मान वळवली की गेट दिसावं. स्टेजवर एका पाटावर तृप्ती बसली, दुसऱ्या पाटावर निळ्या नाडीचं कार्ड ठेवलं. सुवासिनींनी कार्डाला कुंकू लावलं. ते प्लॅस्टिकवर टिकेना, म्हणून थोडं पाणी लावून लावलं. कार्डाला टॉवेल, टोपी आणि पोशाखाचं कापड देण्यात आलं.

"नवरदेव कुठं हाये?" लांबून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं.

तातेरावांनी मान वळवून रस्त्यापलीकडे बघितलं. शेडचा आवाज इथपर्यंत येत होता. "आत," ते म्हणाले. या एका शब्दासाठी त्यांनी मिरचीची कितीतरी पिकं काढली होती.

मुहूर्त दुपारचा होता. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि मुलीने अंगठी घालावी असं सांगितलं. तृप्तीने कार्डाकडे बघितलं. कार्डाला बोट नव्हतं. फोटोतला सोमेश्वर डोळे मिटून बसला होता, जणू पुढे काय होणार ते त्याला बघवत नव्हतं.

"नाडीत अडकव बाई," कुणीतरी मावशी म्हणाली.

तृप्तीने कार्ड उचललं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि ती स्टेजवरून खाली उतरली. शालू सावरत, खुर्च्यांमधून, मांडवातून, रस्ता ओलांडून ती गेटपाशी गेली. तिच्यामागे बायका, बायकांमागे पोरं, आणि सगळ्यांत मागे बँडवाले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मिरवणूक निघाली की वाजवायचं एवढं त्यांना माहीत होतं.

"वहिनी, आत न्हाई जाता येत," पुंजाराम म्हणाला.

"का?"

"कार्ड?"

तृप्तीने गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. पुंजारामने ते पुढून बघितलं, मागून बघितलं. कार्ड असली होतं. नाडी असली होती. फोटो वेगळा होता, पण फोटो बघायचा असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग तो बाजूला झाला आणि त्याने काठी खांद्याला लावून सलाम ठोकला.

ऑफिसात अर्पित उभा होता. गोपीकिशनशेठ खुर्चीत झोपले होते. तृप्तीने कुणालाच काही विचारलं नाही. भिंतीवर लाल बटण होतं. तिने ते दाबलं.

भोंगा झाला. तो फाट्यावर, बागांवर, तुरीच्या शेतांवर, थेट पलीकडच्या वस्तीपर्यंत गेला. शेडमधला आवाज एकेक पट्टा थांबत कमी झाला आणि मग पूर्ण बंद झाला. गोपीकिशनशेठनी डोळे उघडले, टोपी घातली, काठी घेतली. "आज पाच जल्दी वाजले," म्हणत ते गाडीत जाऊन बसले. अर्पितने बटणाकडे बघितलं. भोंगा वाजला की ड्युटी संपली. नियम त्यानेच लिहिला होता.

पोरं डबे घेऊन बाहेर पडली. त्यांच्यात सोमेश्वर होता. केसांत रुई, भुवयांवर रुई, मिशीवर रुई. आधी त्याला बँड दिसला, मग पाहुणे, मग शालूतली तृप्ती आणि तिच्या गळ्यात आपलंच कार्ड.

"हात द्या," ती म्हणाली. त्याच्या बोटांना चिकटलेली रुई तिने फुंकून काढली, पण अंगठी घालायच्या आधी ती थांबली. कारण गर्दीतून वाट काढत तातेराव गेटपर्यंत आले होते, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"ड्युटी सोडून आलात?" ते सोमेश्वरला म्हणाले. आवाजात राग नव्हता. कुणीतरी पुन्हा त्यांना गेटवरून परत पाठवलं असावं, तसा तो आवाज होता. "दुपारच्या पारी? मी सगळ्या पाव्हण्यांना सांगितलं, जावई आत हाये."

 बँड थांबला.

"ड्युटी सोडली न्हाई, पप्पा," तृप्ती म्हणाली. "ड्युटी सुटली. भोंगा ऐकला न्हाई का तुम्ही?"

तातेरावांनी भोंगा ऐकला होता. त्यांनी वर बघितलं. सूर्य डोक्यावर होता. त्यांनी मनगटावरचं सोनेरी घड्याळ बघितलं. त्यात एक वाजत होता. मग त्यांनी शेडच्या छपरावरच्या भोंग्याकडे बघितलं, आणि बघतच राहिले. सगळे पाहुणे त्यांच्याकडे बघत होते, गुरुजीही, आणि मुहूर्त चालला होता.

"मामा," पुंजाराम अदबीने म्हणाला. त्याने गेटचं दुसरं दारही उघडलं होतं. "सुट्टी झाली. आता कार्ड लागत न्हाई. या आत."

तातेरावांनी चपला बाहेर काढल्या, तेव्हा कुणी हसलं नाही. ते गेटच्या आत आले. दोन पावलं चालले, थांबले, मागे वळून त्यांनी आतून गेट कसं दिसतं ते बघून घेतलं. मग त्यांनी घड्याळाची किल्ली बाहेर ओढली, काटे फिरवत फिरवत पाचावर आणले आणि किल्ली पुन्हा आत दाबली.

"घाल अंगठी," ते मुलीला म्हणाले. "माझंच घड्याळ मागं पडलं होतं."